क्लब कोणाचा? मालकीचे खटले आणि बाहेर उभे आपण

परळचा_कॉप

बरेच दिवस हा धागा काढायचा होता. लिव्हरपूल फुटबॉल क्लब म्हटलं की इथे बहुतेकांना इस्तंबूल आठवतं, नाहीतर २०१९ चं माद्रिद, म्हणजे जिंकलेल्या चॅम्पियन्स लीग फायनल. मला सगळ्यात आधी आठवतो ऑक्टोबर २०१० चा तो आठवडा, कारण तेव्हा आम्ही रात्र रात्र जागलो आणि एक पास पण बघितला नाही, मॅच लंडनच्या हायकोर्टात चालू होती.

नव्या पोरांसाठी लिहितो. टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या दोन अमेरिकन लोकांनी फेब्रुवारी २००७ मध्ये क्लब घेतला. स्टॅनली पार्कात नवीन स्टेडियम बांधणार, ६० दिवसांत कुदळ मारणार असं सांगितलं, आणि ती कुदळ कधीच पडली नाही. क्लब घेतला तोच मुळात कर्ज काढून आणि त्या कर्जाचा भार क्लबच्याच डोक्यावर, म्हणजे तिकिटाचे पैसे, जर्सीचे पैसे, टीव्हीचे पैसे सगळे व्याजात. २०१० पर्यंत दोघांचं एकमेकांशी पटेना, आणि कर्ज देणाऱ्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने आधी क्लब विका म्हणून तगादा लावला. विक्रीसाठी मार्टिन ब्रॉटनला चेअरमन आणलं. जॉन हेन्रीच्या कंपनीची ३० कोटी पौंडांची ऑफर आली तर मालकांना ती कमी वाटली, त्यांनी ५ ऑक्टोबरला बोर्डावरच्या पर्स्लो आणि एअर या दोघांना काढून आपली माणसं बसवायचा प्रयत्न केला आणि तिथून प्रकरण कोर्टात.

१३ तारखेला जस्टिस फ्लॉइडने मालकांच्या विरोधात निकाल दिला, आम्ही इथे एकमेकांना फोन करून नाचतोय, आणि त्याच रात्री बातमी आली की टेक्सासमध्ये डॅलसच्या कोर्टातून विक्रीवर स्टे आणलाय! आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली. इंग्लंडचा क्लब, इंग्लंडचं कोर्ट, आणि स्टे डॅलसमधून. बँकेची मुदत १५ तारखेची, तोपर्यंत सुटलं नाही तर क्लब अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये (दिवाळखोरीच्या प्रक्रियेत) जाऊन ९ पॉइंट कापले जायची भीती, आणि टीम तेव्हा टेबलात खालून तिसरी. शेवटी १४ ला परत लंडनच्या कोर्टाने मालकांना झापलं, १५ ला डॅलसचा आदेश मागे घेतला गेला आणि क्लब विकला गेला.

सुटलो, मान्य. पण मला तेव्हापासून एक गोष्ट खटकते ती खटकतेच. त्या खोलीत बँकेचा वकील होता, मालकांचा होता, बोर्डाचा होता, घेणाऱ्याचा होता. ज्या लोकांच्या जिवावर हे सगळं चालतं त्यांच्यातर्फे बोलायला कोणी नव्हतं. ती माणसं कोर्टाच्या बाहेर फुटपाथवर स्कार्फ घेऊन उभी होती. आपल्याकडे चाळीच्या रिडेव्हलपमेंटची केस लागते तेव्हा बिल्डर कितीही मोठा असू दे, भाडेकरूचं निदान कागदावर नाव असतं, त्याची सही लागते. तीन पिढ्या एकाच स्टँडमध्ये बसलेल्या माणसाची कशावरच सही लागत नाही. हे बदलायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं आणि त्यावर इथे बोलूया.

माटुंगा_मिडफिल्ड

लेख आवडला पण मुद्दा पटला नाही. क्लब ही कंपनी आहे. तू एखाद्या हॉटेलात वीस वर्षं जेवलास म्हणून हॉटेल तुझं होत नाही. आणि त्या केसमध्ये तुम्हाला वाचवलं कोणी? बँकेने. कर्ज देणाऱ्याचा हक्क कायद्यात पक्का होता म्हणून कोर्टाला दोन दिवसांत निर्णय देता आला. तिथे पाच हजार फॅन्सना पक्षकार केलं असतं तर आजपर्यंत तारखा चालू असत्या.

परळचा_कॉप

भावा, हॉटेलातलं जेवण आवडलं नाही तर मी शेजारच्या हॉटेलात जातो. हिक्स आवडला नाही म्हणून मी शेजारच्या एव्हर्टन क्लबचा होऊ शकतो का? मालकाला नेमकं हेच माहीत असतं की हा माणूस कुठे जाणार नाही, आणि त्याच भरवशावर तो कर्ज काढतो. बँकेने वाचवलं हे खरंय, पण बँकेला तिचे पैसे हवे होते. हेन्रीच्या जागी त्याच्याहून वाईट माणूस तेवढीच रक्कम घेऊन आला असता तरी बँकेला चाललं असतं.

टँजेरीन_डोंबिवली

कॉपवाल्या दादा, तुम्ही त्या आठवड्याचं लिहिलंत, त्याच्या थोडं आधीच्या रविवारी अ‍ॅनफिल्डवर, तुमच्याच ग्राउंडवर, काय झालं ते नाही लिहिलंत. ३ ऑक्टोबर २०१०, लिव्हरपूल १ ब्लॅकपूल २. मी त्या मॅचमुळे ब्लॅकपूलचा झालो. तेव्हा कॉलेजात होतो, केशरी जर्सीतले अकरा अनोळखी लोक अ‍ॅनफिल्डवर येऊन बिनधास्त अ‍ॅटॅक करतायत हे बघून वेडा झालो, चार्ली अ‍ॅडम, मॅनेजर इयन हॉलोवे, सगळ्यांच्या प्रेमात पडलो. त्या सीझनला शेवटच्या दिवशी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ४-२ हरून ३९ पॉइंटवर खाली गेले, तरी वाटलं होतं की येतील परत, प्रीमियर लीगचा पैसा आलाय, त्यातून ग्राउंड सुधारेल, टीम उभी राहील.

तो पैसा कुठे गेला ते पूर्ण कळायला २०१७ उजाडलं, आणि ते सुद्धा कोर्टात कळलं.

हे सविस्तर सांगतो कारण आपल्याकडे कोणाला माहीत नसतं. क्लब ओइस्टन कुटुंबाचा, वडील ओवेन आणि मुलगा कार्ल. लॅटव्हियाचा एक उद्योगपती वालेरी बेलोकोन, त्याने २००६ पासून पैसा घातला आणि त्याच्याकडे २० टक्के शेअर. प्रीमियर लीगमध्ये गेल्यावर जे उत्पन्न आलं त्यातले कोट्यवधी पौंड ओइस्टन यांच्याच दुसऱ्या कंपन्यांकडे वळवले गेले. ओवेनच्या एका कंपनीला एकाच वर्षात १ कोटी १० लाख पौंड दिले होते! एवढ्यात त्या काळी अख्खी टीम झाली असती. आणि इकडे क्लबची अवस्था अशी की २०१४ च्या उन्हाळ्यात करारावर जेमतेम आठ खेळाडू उरले होते. सीझन सुरू व्हायला आलाय आणि अकरा माणसं नाहीत! २०१५ ला खाली, २०१६ ला परत खाली, प्रीमियर लीगमधून चौथ्या पातळीवर यायला पाच वर्षं लागली.

लोकांनी आवाज उठवला तर मालकांनी त्यांच्यावर बदनामीच्या केसेस टाकल्या. स्वतःच्या फॅन्सवर! एका निवृत्त म्हाताऱ्या माणसाला फेसबुकवर लिहिल्याबद्दल २०,००० पौंड द्यायला लागले, ते मग बाकीच्या लोकांनी वर्गणी काढून भरले, दुसऱ्या क्लबच्या फॅन्सनीही त्यात पैसे घातले. मे २०१५ मध्ये हडर्सफिल्डच्या मॅचला लोक मैदानात उतरून सेंटर सर्कलमध्ये बसले, मॅच सोडून द्यावी लागली. मग बहिष्कार सुरू झाला, मालकाला एक पेनी पण द्यायची नाही. तिकीट नाही, जर्सी नाही, आतला चहा पण नाही. २०१७ ला टीम लीग टूच्या (म्हणजे त्या चौथ्या पातळीच्या) प्लेऑफ फायनलला वेम्बलीला पोचली, जिंकली सुद्धा, आणि हजारो लोक मन मारून घरी बसले. आपल्या टीमची फायनल आहे आणि ती न बघणं हेच तुमचं प्रेम, हे करून बघा म्हणजे कळेल किती कठीण आहे ते.

नोव्हेंबर २०१७ ला जस्टिस मार्कस स्मिथने निकाल दिला, मालकांनी क्लब बेकायदा ओरबाडला असं स्पष्ट लिहिलं, आणि बेलोकोनचे शेअर ३ कोटी १२ लाख ७० हजार पौंडांना विकत घ्या असा आदेश दिला. तरी संपलं नाही! पैसे पूर्ण आलेच नाहीत, फेब्रुवारी २०१९ मध्ये कोर्टाने रिसीव्हर (मालमत्ता ताब्यात घेऊन विकणारा अधिकारी) नेमला तेव्हा कुठे ओवेन बोर्डावरून गेले. ९ मार्च २०१९, साउथएंड विरुद्ध, १५,८७१ लोक परत आले. बापाने पोराला आणलेलं, पोराने ते ग्राउंड आतून कधी बघितलेलंच नाही कारण त्याचं अख्खं लहानपण बहिष्कारात गेलेलं. मॅच २-२ सुटली. मी इथे डोंबिवलीत मोबाईलवर ते फोटो बघत रडलो आणि बायकोला काय झालं ते समजावून सांगता येईना.

शिल्पा_वसई

टँजेरीन, काटा आला वाचून. ते स्वतःच्याच फॅन्सवर केस टाकणं, हे मला झेपलंच नाही.

ठाण्याची_वकील

कंपनी लॉमध्ये काम करते म्हणून थोडं लिहिते. ब्लॅकपूलची केस आमच्याकडे सुद्धा वाचली जाते.

बेलोकोन कोर्टात जाऊ शकला कारण त्याच्याकडे शेअर होते. इंग्लंडच्या २००६ च्या कंपनी कायद्यात कलम ९९४ आहे, कंपनीचा कारभार एखाद्या सदस्यावर अन्याय होईल असा चालत असेल तर तो दाद मागू शकतो. आपल्याकडे २०१३ च्या कायद्यात कलम २४१ आणि २४२, आणि ते एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, चालतं. पण आपल्याकडे त्यासाठी साधारण दहा टक्के शेअर किंवा शंभर सदस्य किंवा एकूण सदस्यांच्या एक दशांश एवढं पाठबळ लागतं, एकट्यादुकट्याला सूट मागावी लागते. मुख्य शब्द सदस्य. शेअर ज्याच्याकडे तो सदस्य. तिकीट ज्याच्याकडे तो ग्राहक, त्याला फार तर मॅच रद्द झाली तर पैसे परत मागता येतील.

त्यामुळे माटुंगावाले म्हणतायत ते कायद्याच्या चौकटीत बरोबर आहे, आणि परळवाले म्हणतायत ती नेमकी त्या चौकटीतली भगदाड आहे. ब्लॅकपूलला सोळा हजार लोक एका बाजूला होते आणि कोर्टाचं दार उघडलं ते लॅटव्हियातल्या एका माणसाच्या २० टक्क्यांनी. तो माणूस नसता, किंवा त्याने गुपचूप तडजोड केली असती, तर काय? तर काहीच नाही. बहिष्कार अजून चालू असता.

अजून एक. कोर्टाने त्याला न्याय दिला म्हणजे त्याच्या शेअरची किंमत दिली. क्लबची जी वर्षं गेली ती मागायला कायद्यात कोणी लायक पक्षकारच नाही.

माटुंगा_मिडफिल्ड

ताई, छान समजावलंत. पण मग उपाय काय? भावना सगळ्यांना आहेत.

मैदानची_माती

मी चार वर्षं नोकरीनिमित्त कोलकात्यात होतो, आता परत मुलुंडला. एवढ्या लांब इंग्लंडला कशाला जायचं, ईस्ट बंगाल बघा. १९२० चा क्लब, शताब्दीच्या वर्षातच इन्व्हेस्टर शोधायची वेळ. आधी क्वेस कंपनीवाले होते ते गेले, मग २०२० मध्ये श्री सिमेंट आले, घाईघाईत टर्मशीटवर (प्राथमिक करारावर) सह्या झाल्या आणि आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, एंट्री मिळाली. नंतर फायनल अ‍ॅग्रीमेंटवर क्लबचे जुने पदाधिकारी सही करेनात, म्हणे क्लबचे हक्क कायमचे जातील. कंपनी म्हणे सही नाही तर पैसे नाहीत. महिनोन् महिने हे चालू, नवीन खेळाडू घेता येईनात.

२१ जुलै २०२१ ला फॅन्स क्लबच्या तंबूसमोर (तिथे मैदानातल्या क्लबच्या ऑफिसला तंबू म्हणतात) गोळा झाले. लोकांची मागणी काय, तर सही करा आणि टीम वाचवा. तिथे दोन गट आमनेसामने आले आणि पोलिसांनी लाठीचार्ज केला. माझ्या ऑफिसातला एक जण तिथे होता, पाठीवर वळ घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर आला. लाल-पिवळी जर्सी घालून, स्वतःच्याच क्लबच्या दारात, लाठी खाल्ली. त्या सीझनला टीम टेबलात शेवटची आली आणि २०२२ ला कंपनी निघून गेली, मग इमामी आले.

आणि लक्षात घ्या, ईस्ट बंगाल हा सदस्यांचा क्लब आहे, तिथे मतदान होतं! तरी ही गत. त्यामुळे नुसतं फॅन्सना मत द्या म्हणून सगळं सुटेल असं मला वाटत नाही. कागद सही व्हायच्या आधी लोकांसमोर आला पाहिजे, ते जास्त महत्त्वाचं. तिथे शेवटपर्यंत साध्या माणसाला कळलंच नाही की त्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये नक्की लिहिलंय काय.

कूपरेज_ईस्ट_स्टँड

सगळ्यांचं वाचतोय. वयाने तुमच्यातल्या बहुतेकांपेक्षा मोठा आहे म्हणून मुंबईचं सांगतो.

तुमच्याकडे निदान भांडण झालं. इथे क्लब मेले आणि कोणी कोर्टाची पायरी चढलं नाही. कूपरेजच्या मैदानावर मी मफतलाल बघितली, ऑर्के मिल्स बघितली, गिरण्या गेल्या तशा टीम गेल्या. मग महिंद्रा युनायटेड. २००५-०६ ची नॅशनल लीग आपण जिंकली होती, कोलकाता आणि गोव्याच्या नाकावर टिच्चून! आणि २०१० मध्ये कंपनीने सांगितलं की आता सीनियर टीम बंद, आम्ही शाळांच्या फुटबॉलकडे लक्ष देणार. झालं. राष्ट्रीय विजेता क्लब एका प्रेसनोटने संपला. मुंबई एफसी २००७ ला आली, कूपरेजचं काम चालू होतं तेव्हा होम मॅचला आम्ही पुण्याला बालेवाडीला जायचो, पहाटेची गाडी पकडून, आणि २०१७ ला आय-लीगमधून (तेव्हाची राष्ट्रीय लीग) खाली गेल्यावर ती पण बंद. खालिद जमीलने तुटपुंज्या पैशात ती टीम किती वर्षं वर ठेवली होती ते आठवा.

आता मुंबई सिटी आहे. २०२०-२१ ला आयएसएलचं शील्ड (साखळीत पहिलं आल्याचं) आणि कप दोन्ही, २०२४ ला सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून कप, हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं आणि मला त्याचा फार अभिमान आहे. पण २०१९ मध्ये ६५ टक्के शेअर सिटी फुटबॉल ग्रुपने घेतले ते अंधेरीच्या स्टँडला कधी कळलं? पेपरात छापून आल्यावर. आम्ही तेव्हा खूश झालो कारण घेणारा मोठा होता. तो लहान असता किंवा लबाड असता तरी आम्हाला पेपरातच कळलं असतं. आणि २०२५ मध्ये भारताचं फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा हक्कांचा करार संपत आला, फेडरेशनच्या घटनेची केस सुप्रीम कोर्टात अडकलेली, तेव्हा अख्खी लीग थांबली. खेळाडूंचे पगार, सरावाची शिबिरं, सगळं लटकलं. आमच्या स्टँडमधली पोरं मला विचारायची काका सीझन कधी, मी काय सांगणार. २०१० ला जो करार झाला, १५ वर्षांचा, ७०० कोटींचा, तो होताना त्या पोरांपैकी अर्धी शाळेत पण जात नव्हती.

मला राग ह्याचा येतो की आपल्याला टाळ्या वाजवायला बोलावतात आणि हिशोबाच्या वेळी बाहेर बसवतात.

निनाद_विक्रोळी

काका, तुमची पोस्ट वाचून खरंच अस्वस्थ झालो. मी मुंबई सिटी २०२१ पासून बघायला लागलो, महिंद्रा फक्त नावाने माहीत होती.

एक विचारायचंय, जर्मनीत ५०+१ आहे ना? १९९८ पासून. क्लबची कंपनी केली तरी मतांचा मोठा वाटा सदस्यांच्या क्लबकडेच राहतो. ते आपल्याकडे का नाही? आणि पोर्ट्समथचं पण वाचलं, फॅन्सनी क्लब विकत घेतला ते.

परळचा_कॉप

निनाद, पोर्ट्समथची गोष्ट मोठी आहे. २००८ ला एफए कप जिंकलेला क्लब, २०१० ला आणि परत २०१२ ला अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये. तिथल्या लोकांनी ट्रस्ट काढला, माणशी १००० पौंडांचे शेअर, कित्येकांनी चार-पाच मित्र मिळून एक शेअर घेतला. जुन्या मालकाचा स्टेडियमवर बोजा होता, त्यावरून परत हायकोर्ट, आणि एप्रिल २०१३ मध्ये तिथे मार्ग निघून क्लब ट्रस्टकडे आला. फॅन्स पक्षकार म्हणून आत बसलेले मी त्यावेळी पहिल्यांदा बघितले.

माटुंगा_मिडफिल्ड

आणि २०१७ मध्ये त्याच ट्रस्टने बहुमताने तो क्लब मायकल आइझनर या अमेरिकन उद्योगपतीला विकला, कारण ग्राउंडच्या दुरुस्तीचा खर्च झेपणारा नव्हता. ५०+१ चं म्हणाल तर जर्मनीतल्याच लाइपझिग क्लबने मतदार सदस्य मोजकेच ठेवून तो नियम कसा वाकवला ते बघा. मी विरोधासाठी विरोध करत नाहीये. माझं म्हणणं, पैसा लागतो, आणि पैसा घालणारा अधिकार मागणारच.

पण काकांची पोस्ट वाचून एक मान्य करतो. क्लब विकणं, बंद करणं, नाव-रंग-शहर बदलणं, ह्या बाबतीत लोकांना विचारलंच पाहिजे. रोजचा कारभार मालकाने करावा.

टँजेरीन_डोंबिवली

माटुंगा, पण पोर्ट्समथला विकायचं की नाही ते मतदान करून ठरलं ना! आमच्याकडे कोणी विचारलं होतं? मला एवढंच पाहिजे.

ठाण्याची_वकील

माटुंगावाल्यांनी म्हटलं तेच इंग्लंडने आता कायद्यात घालायला घेतलंय. २०२५ च्या जुलैत फुटबॉल गव्हर्नन्स अ‍ॅक्ट झाला, स्वतंत्र रेग्युलेटर आला. मालक आधी तपासायचे, फॅन्सशी नियमित सल्लामसलत करायची, क्रेस्ट (बोधचिन्ह) आणि रंग परस्पर बदलायचे नाहीत. ब्लॅकपूल, पोर्ट्समथ आणि बरी नावाचा क्लब, ह्या लोकांनी जे भोगलं त्यातून हे आलंय.

आपल्याकडे असा कायदा येईल तेव्हा येईल. पण एक गोष्ट आत्ता करता येते. आज स्टँडमधला सपोर्टर ग्रुप म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक बॅनर. कायद्याच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही, पत्र पाठवलं तर उत्तर द्यायला कोणी बांधील नाही. सोसायटीज रजिस्ट्रेशन अ‍ॅक्टखाली नोंदणी करा, सात जण पुरतात, महाराष्ट्रात त्याबरोबर सार्वजनिक ट्रस्ट म्हणून पण नोंद होते. मग बँक खातं काढता येतं, वर्गणी पावतीने घेता येते, फेडरेशनला, राज्य सरकारला, गरज पडली तर कोर्टाला लेखी निवेदन एका नावाने देता येतं. हस्तक्षेप अर्ज कोर्ट मान्य करेलच असं नाही, पण अर्ज करायला आधी कोणीतरी असावं लागतं. शेअरचं विचाराल तर प्रायव्हेट कंपनीचे शेअर बाजारात मिळत नाहीत, हस्तांतरावर बंधनं असतात, क्लबनेच ठरवून थोडे देऊ केले तरच. ती मागणी पहिल्या पत्रात घालता येईल. एक टक्का सुद्धा चालेल. एक शेअर असला तरी वार्षिक सभेची नोटीस घरी येते, ताळेबंद हातात मिळतो.

मैदानची_माती

ताळेबंद हा मुद्दा एकदम पटला. ब्लॅकपूलचे हिशोब वेळेत कोणी वाचले असते तर २०१२ लाच कळलं असतं.

कूपरेज_ईस्ट_स्टँड

ताई, मसुदा कोण करेल? आमच्यात लिहिणारं कोणी नाही. माणसं मी जमवतो.

ठाण्याची_वकील

मसुदा मी करते, फी वगैरे नको. सात जणांची पूर्ण नावं, पत्ते, आधार-पॅन लागेल, ते इथे टाकू नका, मला मेसेज करा. उद्देशांमध्ये काय काय घालायचं ते मात्र इथेच ठरवा, सगळ्यांच्या समोर. पहिला उद्देश मी सुचवते: क्लबची विक्री, स्थलांतर किंवा बंद करण्यापूर्वी प्रेक्षकांचं लेखी म्हणणं घेतलं जावं यासाठी प्रयत्न करणे.

निनाद_विक्रोळी

माझं नाव धरा.

शिल्पा_वसई

माझं पण. आणि उद्देशात महिलांचं प्रतिनिधित्व घाला, कार्यकारिणीत निदान दोघी. वसईहून अजून एक मैत्रीण तयार आहे, तिला विचारून सांगते.

माटुंगा_मिडफिल्ड

दुसऱ्या उद्देशासाठी माझं सुचवणं: दरवर्षी क्लबचा जाहीर झालेला ताळेबंद मराठीत सोप्या भाषेत सभासदांपुढे ठेवणे. अकाउंटिंगचं काम मी करेन.